मॅम सेंदायचा फेकीचा तास

सेंदाय गालाबोला कुणी विचारलं असतं, की बाई गं, तुला आयुष्यात नेमकं काय येतं, तर तिने ताडकन सांगितलं असतं, "सात वर्षांच्या पोराला चेंडू फेकायला शिकवता येतं." बाकीचंही पुष्कळ येत होतं म्हणा. भात मोकळा होत होता, सुकी मासळी जळत नव्हती, नवरा अडतीस वर्षं टिकला होता. पण ते काय, कुणालाही येतं, असं तिचं मत. फेक शिकवणं मात्र कुणालाही येत नाही, आणि ज्यांना आपल्याला येतं असं वाटतं त्यांना तर मुळीच येत नाही.

फिलिपिन्समधल्या गिमारास बेटावरच्या पुंता बाकाव गावात दुसरीचा वर्ग एकवीस वर्षं तिच्याकडे होता. दुसरीच्या बाईंना सगळंच शिकवावं लागतं, वाचनापासून दात घासण्यापर्यंत, आणि आठवड्यातून दोनदा मैदानावर खेळाचा तास. इतर बाया त्या तासाला झाडाच्या सावलीत बसत, "खेळा रे" म्हणत आणि वह्या तपासत. सेंदाय भर उन्हात मैदानाच्या मधोमध उभी. डोक्यावर गवताची रुंद टोपी, गळ्यात शिट्टी, आणि आवाज असा की खाडीतले होडीवाले म्हणत, "आज मॅम सेंदायचा तास दिसतोय." शिट्टी नुसती शोभेला होती.

तिचं वय एकसष्ट. निवृत्तीला चार वर्षं होती आणि ती चारही वर्षं तिला मैदानावर काढायची होती. अडचण एकच होती, आणि ती नवरा इस्को सोडून कुणालाच ठाऊक नव्हती. तिचा उजवा हात छातीच्या वर जात नव्हता. दोन वर्षांपूर्वी पाण्याचा कॅन घेऊन घराच्या शिडीवरून घसरली, खांदा धरला तो धरलाच. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, तिने केला, खांद्याने ऐकलं नाही. वर्गात ती फळ्याच्या खालच्या अर्ध्यावरच लिही आणि कुणी विचारलं तर म्हणे, "लहान मुलांना खालचंच दिसतं." लोकांनाही ते पटे. केस विंचरून अंबाडा घालायचं काम रोज सकाळी इस्को करी. मासे धरून धरून राठ झालेली त्याची बोटं, अंबाडा नेहमी एका कानाकडे झुकलेला.

"वाकडा झालाय का रे?"

"वाकडा नाही, फॅशन आहे," इस्को म्हणे. बायकोला तो लाडाने इंदाय म्हणायचा. "आणि इंदाय, सांगून टाक ना एकदा शाळेत. लपवून काय मिळतं?"

"सांगितलं की तास गेला. मग सांगेन चार वर्षांनी."

या वर्षी शाळेला नवीन मुख्याध्यापिका आल्या, मॅम चारितो. अडतिशीच्या, नीटनेटक्या, प्रत्येक गोष्टीचा तक्ता करणाऱ्या. बाई वाईट नव्हत्या, उलट काळजी करणाऱ्या होत्या, आणि सेंदायला तोच ताप वाटे. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी तिला बोलावून गोड आवाजात सांगितलं, "मॅम सेंदाय, उन्हात तुम्हाला त्रास होत असेल. खेळाचे सगळे तास आपण राल्फ सरांना देऊ या. ते कॉलेजच्या संघात होते. तुम्ही त्या वेळात वाचनाचा कोपरा सांभाळा. पंखा आहे तिथे."

"मला पंखा कशाला? मी काय वाळत घातलेली मासळी आहे?"

"तसं नाही हो..."

"एकवीस वर्षं या गावाची पोरं मी फेकायला शिकवली. तुमच्या त्या राल्फ सरांना चेंडू फेकता येतो, कबूल. शिकवता येतो का, ते विचारलंत?"

मॅम चारितो गडबडल्या. भांडण त्यांना नको होतं. शेवटी त्यांनी तोडगा काढला. महिन्याभराने जिल्ह्याचे पर्यवेक्षक सर पानेस तास बघायला येणार होते. फेक हाच धडा होता. दोघांनी वर्गावर यावं, आधी राल्फ सरांनी आठवडाभर घ्यावं, मग सेंदायने. पर्यवेक्षकांनी सेंदायच्या तासाबद्दल चांगलं लिहिलं, तर तास तिचा, निवृत्तीपर्यंत. नाहीतर वाचनाचा कोपरा.

"चालेल," सेंदाय म्हणाली.

राल्फ सर म्हणजे तेवीस वर्षांचा उमदा पोरगा. पहिल्या दिवशी त्याने चेंडू उचलला, दोन पावलं टाकली आणि असा फेकला की चेंडू पाण्याच्या टाकीवरून पलीकडे पडला. चौतीस पोरांनी तोंडात बोटं घातली. टाळ्या वाजल्या. "आता तुम्ही," सर म्हणाले. पोरांनी फेकले. एकाचा स्वतःच्या पायावर पडला, एकाचा मागे गेला, एकाचा शेजारच्याच्या कानावर. सरांनी परत फेकून दाखवला, परत टाळ्या. आठवडाभर हेच चाललं. शेवटी बिचारा घामाघूम होऊन सेंदायशेजारी येऊन बसला.

"मॅम, या पोरांच्या अंगातच नाही हो. हातापायांचा मेळच बसत नाही त्यांचा."

"कुणाच्या पोरांना म्हणतोस रे बाळा?" सेंदाय फिस्कारली. "हीच पोरं नारळाच्या झाडावर चढतात. चालत्या होडीत उडी मारतात. त्यांचा मेळ बसत नाही होय? तुला दिसत नाही, असं म्हण."

पण मनातून तिलाही कोडं पडलं होतं. दरवर्षी पोरं चुकत आणि दरवर्षी ती दामटून, ओरडून, एकेकाचा कोपर धरून सरळ करी. ते जमून जाई, पण चार महिने लागत. आता हातात तीन आठवडे होते. आणि स्वतः फेकून दाखवायची तर सोयच नव्हती. तेव्हा तिने दुसरं काहीच न करता नुसतं बघायचं ठरवलं. तिचे तीन आठवडे सुरू झाले, तशी ती पोरांना चेंडू देई आणि गप्प उभी राही. मॅम सेंदाय गप्प आहेत म्हटल्यावर पोरांचीही पाचावर धारण बसली.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ती ओसरीवर उकडलेलं रताळं खात बसली होती. समोर पोरांचा 'तुंबा लाता' रंगला होता. हा खेळ तिथे कुठल्याही गल्लीत बारा महिने चालतो. रिंगणात एक रिकामा डबा उभा, त्याच्यावर एक राखणदार. बाकीच्यांनी रेघेमागून आपली चप्पल फेकून डबा पाडायचा. आणि फेकली की धावायचं, कारण चप्पल तिकडे पडलेली. राखणदाराने डबा उभा करून शिवायच्या आत आपली चप्पल उचलून रेघेमागे आलात तर वाचलात.

प्रिन्सेस नावाची एक पोरगी होती वर्गात. नाव प्रिन्सेस आणि नाकाला कायम शेंबूड. तिने चप्पल फेकली, आणि सेंदायचा रताळ्याचा घास तोंडातच राहिला. चप्पल हातातून सुटायच्या आधीच पोरीचा उजवा पाय पुढे निघाला होता. अंग वळलेलं, नजर राखणदारावर, अर्धी पोरगी पळतेय आणि उरलेली अर्धी फेकतेय. मग रेमार्कने फेकली. तेच. मग तिसऱ्याने. तेच!

"हात्तिच्या मारी!" सेंदाय मोठ्याने म्हणाली. शेजारी बसलेले राल्फ सर दचकले.

"काय झालं मॅम?"

"अरे, त्यांची फेक चुकत नाहीये. त्यांना पळायची घाई आहे. चालायला लागल्यापासून ही पोरं फेकली की पळतात. हातातून काही सुटलं की धावायचं, नाहीतर चप्पल गेली, नाहीतर राज्य आलं. तू त्यांच्या हातात चेंडू दे नाहीतर दगड दे, पाय आधी पळायला निघणार. जो पाय मागे रोवायचा तोच पुढे. मग चेंडू जाईल कुठे? कानावरच जाईल!"

राल्फ सर हळूच म्हणाले, "मॅम, मीही असाच खेळायचो. मला कॉलेजच्या प्रशिक्षकाने दोन वर्षं शिव्या घातल्या होत्या. का घालतो ते मला कधी कळलंच नाही."

त्या रात्री सेंदायला झोप लागली नाही असं काही नाही, ती ढाराढूर झोपली. कोडं सुटलं होतं, आता झोपायला काय हरकत? सकाळी इस्को अंबाडा घालत असताना तिला उत्तरही सापडलं. पळायचं कशासाठी, तर चपलेसाठी. मग चप्पल पायाखालीच असली तर पळेल कोण?

त्या दिवशी तिने चौतीस पोरांना रेघेवर उभं केलं. समोर खांबाच्या टोकावर तेलाचा रिकामा डबा, मुद्दाम पोरांच्या डोक्यापेक्षा उंच, म्हणजे सपाट घसरती फेक चालायची नाही. हातात तिने जुन्या मोज्यांत कोंडा भरून शिवलेले चेंडू. "एक चप्पल काढा," ती म्हणाली. "डावी. एक पाऊल पुढे ठेवा. चेंडू उजव्या हातात. आता फेकताना डाव्या पायाने ती चप्पल दाबायची. चप्पल कुठाय?"

"पायाखाली!"

"कुणी नेईल का?"

"नाही!"

"मग पळायचं कशाला? बघा जागेवर उभे राहून. तुमचाच चेंडू आहे, कुठे जातो ते तरी बघाल की नाही?"

पहिल्या खेपेला निम्मी पोरं सवयीने पळालीच, आणि चप्पल मागे राहिली म्हणून परत आली. हशा पिकला. रेमार्कने चप्पल दाबली पण चेंडू फेकायलाच विसरला. पण प्रिन्सेसने नाक ओढलं, चप्पल दाबली, हात कानामागे नेला आणि फेकला. चेंडू डब्याच्या वीतभर वरून गेला. पोरगी खांबासारखी उभी. तोंड उघडं. आपण फेकलेली वस्तू हवेतून कशी जाते, हे बहुतेक तिने जन्मात पहिल्यांदा पाहिलं असावं. सेंदायचे डोळे भरून आले, आणि म्हणून तिने सगळ्यांवर जोरात खेकसून घेतलं.

पुढचे दोन आठवडे मैदानावर एकच घोष चालला. सेंदायला दाखवता येत नव्हतं, म्हणून ती बोले, आणि पोरांना तिच्यामागून म्हणायला लावी. "खांदा डब्याकडे! हात कानामागे! चप्पल दाब! बघ कुठे! सोड! थांब!" एखाद्याचा कोपर खाली आला की ती डाव्या हाताने उचलून बसवी. एक फेक झाली की रांगेत मागे जायचं, हाही तिचाच नियम. पोरं घरी जेवताना हे म्हणू लागली. एका आईने तक्रार केली, की पोरगा भाताचं ताट पुढ्यात घेऊन "खांदा डब्याकडे" म्हणतो. सेंदाय म्हणाली, "बरोबरच आहे, कोपर चुकतोय का तेवढं बघा."

पर्यवेक्षक यायच्या दिवशी सकाळी इस्कोने अंबाडा दोनदा सोडून परत घातला. "आज सरळ हवा," तो म्हणाला. मग जरा थांबून, "त्यांनी तुलाच फेकायला सांगितलं तर? सांग, मान लचकलीय कालपासून."

सेंदायने शिट्टी गळ्यात अडकवली. तिने तसंच काहीतरी सांगायचं ठरवलं होतं.

सर पानेस पन्नाशीचे, गोल चष्म्याचे, मोजकं बोलणारे गृहस्थ होते. त्यांच्या हातात पुठ्ठ्याला लावलेला छापील कागद होता आणि प्रत्येक ओळीपुढे दोन चौकटी, हो आणि नाही. मॅम चारितो त्यांच्या बाजूला, राल्फ सर मागे. तास सुरू झाला. चौतीस चपला जमिनीवर, चौतीस चेंडू हवेत, आणि कुणीही पळालं नाही. डबा अकरा वेळा पडला. सर पानेसचं पेन एकेक ओळ खाली येत गेलं, हो, हो, हो. मॅम चारितोंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं.

शेवटी पेन थांबलं.

"मॅम, एकच राहिलं. 'शिक्षकाने कृती स्वतः करून दाखवली.' ते मी पाहिलं नाही. एकदा फेकून दाखवता का?"

सेंदायच्या ओठावर लचकलेली मान आली होती. समोर पोरं उभी होती, चौतीसच्या चौतीस, आणि सगळी तिच्याकडे बघत होती. गेले दोन आठवडे ती त्यांना बजावत होती की जागेवर उभं राहा, पळू नका. आणि आता ही बाई पळणार? तिचा तिलाच राग आला.

"सर, मला दाखवता येणार नाही," ती म्हणाली, आणि आवाज नेहमीसारखाच खाडीपर्यंत गेला. "हा हात छातीच्या वर जात नाही. दोन वर्षं झाली. केससुद्धा नवरा विंचरतो माझे. मॅम चारितो, तुम्हाला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. तास जाईल म्हणून सांगितलं नाही. या पोरांनी मला फेकताना कधी पाहिलेलंच नाही."

मॅम चारितोंचा चेहरा पडला. सर पानेसनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मॅम, पोरांना उत्तम येतंय, वादच नाही. पण या चौकटीत मला खोटं लिहिता येत नाही. 'नाही' लिहावं लागेल. आणि ही चौकट नाही झाली, की खालचा शेरा..."

"थांबा," सेंदाय म्हणाली. "एक हात जात नाही म्हटलं मी. दुसरा आहे ना? त्याने जन्मात कधी फेकलेलं नाही, पण आहे."

तिने टोपीची गाठ घट्ट केली, टोपलीतून चेंडू उचलला, डाव्या हातात घेतला आणि रेघेवर आली. डावा हात परक्याचा असल्यासारखा वाटत होता. कुठला पाय पुढे, हेच क्षणभर सुचेना. तिने सवयीने डावा पुढे टाकला.

"मॅम, दुसरा पाय!" प्रिन्सेस ओरडली.

"हात डावा आहे, मग पाय उजवा!" रेमार्क.

"आणि चप्पल? मॅमची चप्पल कुठाय?"

"मॅमनी बूट घातलेत!"

प्रिन्सेसने आपली चप्पल काढली, नाक ओढत पुढे आली आणि सेंदायच्या उजव्या पायापुढे पाऊलभर अंतरावर ठेवली. मागे जाऊन हात कमरेवर घेऊन उभी राहिली, अगदी मॅम सेंदायसारखी. आणि मग चौतीस गळ्यांतून सुरू झालं. "खांदा डब्याकडे! मॅम, खांदा! हात कानामागे! अजून मागे! चप्पल दाब! बघ कुठे! सोड!"

तिने सोडला. चेंडू भेलकांडत गेला, आठेक पावलांवर एका कोंबडीशेजारी पडला. डबा कुठे आणि चेंडू कुठे. आणि सेंदाय गालाबो, वय एकसष्ट, लहानपणी तुंबा लातात सगळ्या गल्लीला घाम फोडणारी, चेंडू सुटल्याबरोबर दोन पावलं त्याच्यामागे धावली.

"थांब!" अख्खा वर्ग किंचाळला. "पळायचं नाही! मॅम पळाल्या!"

ती जागच्या जागी थांबली. मागे वळून बघते तर राल्फ सर पोट धरून हसत होते आणि मॅम चारितोंनी तोंडावर हात धरला होता. सर पानेस हसत नव्हते. ते कागदाकडे बघत होते.

"सर, काय लिहिताय?" मॅम चारितोंनी हळूच विचारलं.

"हो लिहितोय," सर पानेस म्हणाले. "शिक्षकाने करून दाखवली का, तर दाखवली. बेकार दाखवली. पण ती कुठे चुकली हे सात वर्षांची चौतीस पोरं एका दमात सांगतात, हे मी तीस वर्षांत पाहिलेलं नाही." त्यांनी खाली शेरा लिहायला घेतला आणि तो चौकटीत मावेना म्हणून कागद उलटला.

मॅम चारितो घाईघाईने सेंदायकडे आल्या. त्यांचे डोळे ओले होते. "मॅम सेंदाय, अहो, आधी सांगायचं ना मला! आता ऐका. तास..."

"मॅम," रेमार्क मध्येच घुसला, पण तो मुख्याध्यापिकांशी बोलत नव्हताच. तो सेंदायकडे बघत होता, कडक चेहऱ्याने. "तुमचं चुकलंय. परत करायचंय. पण एक फेक झाली की रांगेत मागे जायचं."

सेंदाय निमूटपणे चालत गेली आणि चौतीस पोरांच्या मागे, रांगेच्या अगदी टोकाला उभी राहिली. मॅम चारितो तिच्यामागोमाग आल्या.

"तास तुमचा आहे, एवढंच सांगायचं होतं. चारही वर्षं."

"ते नंतर सांगा हो," सेंदाय म्हणाली. "आत्ता मला खांदा आठवू द्या."

रांग पुढे सरकत होती. एकेक पोर फेकून तिच्यामागे येऊन उभं राहत होतं, आणि जाता जाता तिला सांगत होतं, मॅम, कोपर. मॅम, खाली बघू नका. तिचा नंबर यायला बराच वेळ लागला. सर पानेस थांबून राहिले. मग ती रेघेवर आली, डावा हात कानामागे नेला, पायाने प्रिन्सेसची चप्पल दाबली आणि फेकलं, आणि चेंडू कुठे जातोय ते जागेवर उभं राहून बघितलं.